तरूचं मंडळ

आपल्याकडे पाच घरं एका कामासाठी एकत्र आली की त्यांचं मंडळ होतं, आणि मंडळ झालं की अध्यक्ष लागतो. मिरजेच्या कृष्णाई सोसायटीत हे दोन्ही एकाच संध्याकाळी उरकलं. सरकारी भाषेत त्याचं नाव ‘आधारवर्तुळ’ होतं. एकट्या बाईनं अनाथ मूल सांभाळायला घेतलं तर आसपासच्या पाच घरांनी त्या मुलाचा भार वाटून घ्यायचा, असा पुरानंतरचा नियम होता. नियम चांगला होता, हे आधीच सांगायला हवं. दोन हजार एकोणचाळीस सालच्या पुरात कृष्णेनं काठची गावं धुऊन नेली आणि पाणी ओसरलं तेव्हा संस्थांमध्ये पाळणे कमी पडायला लागले. इतकी मुलं एकेका घरानं सांभाळणं शक्यच नव्हतं.

एकटी बाई म्हणजे वैजयंता कुंभोजकर. एका इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायची. चाळिशी उलटली होती. लग्न का केलं नाही, याचं उत्तर ती विचारणाऱ्याचं तोंड बघून वेगवेगळं द्यायची. तिनं मूल घ्यायचं ठरवल्यावर सोसायटीला असा काही उत्साह चढला की विचारू नका. एसटी आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढलेले अण्णा चौगुले अध्यक्ष झाले. त्यांनी लगेच मुलीचं वेळापत्रक करून जिन्यात चिकटवलं: वैजूची सकाळपाळी असेल तर मूल कुणाकडे, दुपारपाळी असेल तर कुणाकडे. समोरच्या दारातल्या शिरीनभाभींनी पाळणा दिला. अजून मुलीचा चेहरा कुणी पाहिला नव्हता.

मुलगी आली ती चौदा महिन्यांची. पुरात एका होडीत सापडली होती, आईच्या साडीत गुंडाळलेली. आई सापडली नाही. संस्थेनं हौसेनं तरंगिणी नाव ठेवलं होतं. एवढं मोठं नाव कोण घेणार? आल्या दिवशीच तिची तरू झाली.

आणि आल्या क्षणापासून तरू रडत होती. याआधी तीन घरांनी तिला परत केलं होतं, ते का, हे सगळ्यांना त्याच आठवड्यात कळलं. ते हट्टाचं रडणं नव्हतं. कुणी उचललं की तिचं अंग ताठ व्हायचं, मान मागं जायची, ओठ निळे पडायचे. वैजयंताच्या नाकी नऊ आले. अण्णांचं वेळापत्रक दुसऱ्याच दिवशी कोलमडलं, कारण ज्याच्या घरी पाळी त्याच्या घरी आकांत.

तेव्हा संस्थेची समन्वयक कल्याणी ढवळे एक बोटभर बाटली घेऊन आली. तिशीची, शांत बोलणारी बाई. वैजयंताला समोर बसवून तिनं सगळं नीट समजावलं.

बाळ जन्मतं तेव्हा त्याला धड दिसत नाही. आईला ते नाकानं ओळखतं. प्रत्येकाच्या अंगाला स्वतःचा वास असतो आणि तो बराचसा जनुकांवर ठरतो. मुलाची निम्मी जनुकं आईची, म्हणून मुलाच्या लाळेवरून आईच्या वासाचा पुसटसा, अर्धामुर्धा नकाशा काढता येतो. उरलेला नकाशा मुलाच्या मेंदूत असतो. झोपलेल्या मुलाच्या नाकाशी एकेक गंधकण सोडायचा, डोक्यावरच्या मऊ टोपीतून मेंदूच्या लहरी टिपायच्या आणि कशाला मेंदू ‘हे माझं’ म्हणतो ते बघायचं. संगणक मिश्रणं जुळवत जातो. शेवटी असं एक मिश्रण सापडतं की ते हुंगलं की मुलाची छाती शांत होते. प्रत्येक मुलाचं मिश्रण वेगळं, त्याच्या एकट्याचं. मोठ्यांच्या नाकाला त्यातलं काही कळत नाही.

“म्हणजे या बाटलीत हिची आई आहे?” वैजयंतानं विचारलं.

“आईचा वास आहे. आई तुम्ही व्हायचंय,” कल्याणी म्हणाली. “रोज एक थेंब, गळ्यापाशी. फक्त तुम्ही लावायचा. ती वासाच्या भरवशावर तुमच्याकडे येईल आणि येता येता तुमचा चेहरा, तुमचा आवाज शिकेल. मग थेंब कमी करत आणायचा, सहा महिन्यांत बंद. चालायला शिकवताना आपण बोट देतो ना, तसं समजा. बोट सोडायचं असतं.”

वैजयंतानं थेंब लावला आणि तरूला उचललं. पोरीनं श्वास आत घेतला, थांबली, पुन्हा घेतला. मग तिनं वैजयंताच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि म्हणाली, “आई.” तिला तेवढा एकच शब्द येत होता. दारात उभ्या असलेल्या शिरीनभाभी ढसाढसा रडल्या. अण्णांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण वैजयंताला नोकरी होती. ती पाळीवर गेली की तरू दुसऱ्याच्या कडेवर पुन्हा निळी पडायची. चौथ्या दिवशी अण्णा दारात आले.

“वैजू, एक थेंब आमच्या हिला दे की. दुपारभर पोरगी ओरडती, बघवत नाही गं.”

“फक्त मीच लावायचा असं सांगितलंय, अण्णा.”

“सांगत्यात सगळेच. औषधाच्या बाटलीवर काय काय लिहिलेलं असतं. पोरीला रडवून कुठला नियम पाळायचा?”

वैजयंता दोन पाळ्यांची दमलेली होती. तिनं बाटली पुढं केली. मग भाभींना एक थेंब, मग वरच्या मजल्यावर एक. आणि आपल्याकडे एखादी चांगली गोष्ट हाती आली की ती एकट्यानं ठेवणं पापच. रविवारच्या बैठकीत ठरलं की पाचही घरांना थेंब मिळालाच पाहिजे, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. अण्णांनी छोट्या बाटल्या आणल्या. तळहात पुढं करून, तीर्थ घ्यावं तसा लोकांनी तो थेंब घेतला आणि गळ्याला लावला. एक-दोघांनी सवयीनं उरलेला हात डोक्यावरूनही फिरवला.

मग काय, कृष्णाई सोसायटीत आनंदीआनंद. तरू या कडेवरून त्या कडेवर जायची, हसायची, जेवायची, कुठंही झोपायची. वेळापत्रक एसटीलाही जमलं नसतं असं मिनिटावर चालू लागलं. स्थानिक वाहिनीवाले येऊन गेले. ‘एका लेकराच्या सहा आया’ असा कार्यक्रम झाला आणि अण्णांनी त्यात नऊ मिनिटं भाषण केलं. वैजयंता कोपऱ्यात तरूला मांडीवर घेऊन बसली होती. इतक्या दिवसांनी तिला रात्रीची झोप मिळत होती, आणि झोप मिळालेल्या माणसाला फार प्रश्न पडत नाहीत. कल्याणीनं फोनवर विचारलं, थेंब कमी केलात ना? वैजयंता म्हणाली, करतेय. पुढच्या महिन्यात करू, असं तिला मनापासून वाटतही होतं.

हिवाळ्यात तिची पाळी संसर्गाच्या वॉर्डात लागली. तिथून निघताना औषधी साबणानं डोक्यावरून अंघोळ करायची, कपडे तिथलेच घालायचे, असा दंडक होता. त्या दुपारी ती तशीच घरी आली. दार उघडं होतं, तरूजवळ बसलेल्या शिरीनभाभी क्षणभर समोर आपल्या घरात गेल्या होत्या. इस्त्रीवाल्या रुक्मिणीबाई आदल्या दिवशीचे कपडे न्यायला आल्या होत्या आणि वैजयंताच्या साड्या-ओढण्यांचं बोचकं बांधून उभ्या होत्या. तरू जमिनीवर खेळत होती.

“तरू,” वैजयंतानं हात पसरले.

तरूनं वर बघितलं. या पोरीला ती सहा महिने रोज भरवत होती, न्हाऊ घालत होती. तिच्या डोळ्यांत ओळखीचं काही म्हणता काही नव्हतं. पोरगी मागं सरकली, ओठ काढले आणि किंचाळली. मग धडपडत रुक्मिणीबाईंच्या पायाशी गेली आणि त्यांच्या हातातल्या बोचक्याला तिनं मिठी मारली.

“आई,” ती त्या बोचक्याला म्हणाली. “आई, आई.”

रुक्मिणीबाई कसंनुसं हसल्या. वैजयंताला हसू आलं नाही. ती दारातच बसली.

कल्याणी दुसऱ्या दिवशी आली. सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

“सहा जणांना एकच वास,” ती म्हणाली, “म्हणजे तिच्या लेखी चेहऱ्याला काही अर्थच उरला नाही. कशाला शिकेल ती चेहरे? तिला आई आहे. फक्त त्या आईला तोंड नाहीये.”

“आता?”

“आता बंद. सगळ्यांनी, आजपासून. रडेल. रडू दे. पण दोन महिन्यांनी तिची ओळखचाचणी आहे. तिनं तुम्हाला ओळखलं तर दत्तक देता येईल. नाही ओळखलं तर समिती तिला दुसऱ्या घरी देईल. नागपूरचं एक जोडपं थांबलंय.”

“आणि ती जाईल? मुकाट?”

कल्याणीनं बाटलीकडे बघितलं. “जाईल. हसत जाईल.”

मंडळाची बैठक झाली. वैजयंता पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. थेंब सगळ्यांनी टाकून द्या, म्हणाली. लोक कळवळले, माना डोलावल्या, बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. निदान तसं सगळ्यांनी सांगितलं.

पुढचे दिवस वाईट होते. वैजयंतानं बिनपगारी रजा टाकली. तरू तिच्याकडे बघायची नाही, तिच्या हातचं खायची नाही, दाराशी बसून हुंदके द्यायची. जेवण असं की चार घास गेले तर दिवाळी. वैजयंता चिडायची, मग स्वतःवरच चिडायची. एकदा तिनं ताट आपटलं आणि मग दोघी दोन कोपऱ्यांत रडल्या. भिंतीपलीकडे सगळ्यांना ऐकू जात होतं. जिन्यात बायका बोलायच्या, केवढं ते काळीज दगडाचं. फक्त शिरीनभाभी रोज दारापर्यंत यायच्या, जेवणाचं पातेलं ठेवायच्या आणि आत न येता जायच्या. “मी आत आले तर तिला आणखी एक तोंड वाढेल,” म्हणायच्या. एवढी समज त्या सोसायटीत त्यांना एकट्यांनाच होती.

फरक पडला तो एका डब्यामुळं. वैजयंताचा इस्पितळात न्यायचा स्टीलचा डबा होता, झाकण सैल झालेला. रजा संपून, तरूला तेवढ्यापुरतं एकट्या भाभींकडे सोपवून, ती अर्ध्या पाळीला जायला लागली तेव्हा रोज त्यातून राजगिऱ्याची वडी आणायची. दारात आली की झाकणावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायची: टक, टक. पहिल्या दिवसांत तरू ढिम्म. मग एके दिवशी मान वळली. मग एके दिवशी ती उठून उभी राहिली. आणि एका दुपारी वैजयंता जिना चढत असतानाच झाकण आपोआप खडखडलं आणि दाराच्या आतून, भाभींच्या मांडीवरून, आवाज आला, “टकू!”

तो शब्द कुणी तिला शिकवला नव्हता. वैजयंतानं आत येऊन वडी दिली. तरूनं वडी घेतली, तिचा चेहरा बघितला, बराच वेळ बघितला, आणि तिच्या गालाला बोट लावलं. “टकू,” ती म्हणाली. वैजयंताचं नाव ठेवलं होतं पोरीनं. आई नाही तर नाही. वैजयंताला त्या दिवशी जो आनंद झाला तसा तिला आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि पुढंही झाला नाही.

चाचणीच्या सकाळी वैजयंता बिनवासाच्या साबणानं न्हाली, संस्थेनं पाठवलेले कोरे कपडे घातले. तरू आदल्या दिवसापासून संस्थेत होती. खाली फाटकाशी सगळं मंडळ उभं होतं. अण्णांच्या बायकोनं तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. वैजयंता अण्णांच्या पाया पडायला वाकली. अण्णांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि केसांवरून सावकाश फिरवले.

“जा पोरी,” ते म्हणाले. “यश घेऊनच येणार तू. माझा शब्द आहे.”

चाचणीची खोली रिकामी, पांढरी होती. तीन खुर्च्या. दोन खुर्च्यांवर अनोळखी बायका, वैजयंताच्याच वयाच्या, तशाच कपड्यांत. रोजच्या वापरातली एक वस्तू जवळ ठेवायची परवानगी होती. वैजयंताच्या मांडीवर डबा होता. तरूला आत सोडलं आणि दार लागलं. मग छतातून एक कर्कश भोंगा वाजला. घाबरलेलं मूल कुणाकडे धावतं, हीच ती चाचणी. ज्यानं ही पद्धत शोधली त्याला मुलं असतील का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

तरू दचकली. तोंड वाकडं झालं. वैजयंतानं झाकणावर दोनदा वाजवलं.

तरू वळली आणि धावली. मधे पडली, उठली, पुन्हा धावली आणि वैजयंताच्या मांडीत घुसली, गळ्याला घट्ट, केसांत तोंड खुपसून. वैजयंता रडत होती, हसत होती. काचेपलीकडे कल्याणीनंही डोळे टिपले.

अर्ध्या तासानं कल्याणी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. चाचणीच्या खोलीतली हवा यंत्र तपासतं, हे तिनं सांगितलं. आतल्या हवेत तो गंध सापडला होता. थोडा, पण होता. वैजयंताच्या केसांतून येत होता.

“शक्य नाही,” वैजयंता म्हणाली. “दोन महिने झाले, मी बाटलीला हात नाही लावला.”

मागोमाग आलेली मंडळातली माणसं बाकावर बसली होती. अण्णा उभे राहिले. एसटीत तीस वर्षं हुकूम सोडलेला माणूस, पण नजर जमिनीकडे.

“मी ठेवला होता थोडा,” ते म्हणाले. “मधनंमधनं पोरगी जिन्यात भेटायची तेव्हा लावायचो. माझ्याकडं यायची गं ती. आणि आज म्हटलं, कशाला धोका घ्यायचा. वैजूला हातभार.” त्यांनी आपले तळहात बघितले. “आशीर्वादच दिला की गं मी.”

वैजयंता कल्याणीकडे वळली.

“ती डब्याच्या आवाजावर वळली. तुम्ही बघितलंत. वाजवल्यावर वळली.”

“बघितलं.”

“मग?”

“मग धावली कशासाठी, ताई? तुमच्यासाठी की केसांसाठी? मला वाटतं, तुमच्यासाठी. पण मला वाटून उपयोग नाही. हे मला सिद्ध करता येणार नाही, आणि तुम्हालाही नाही.”

“परत घ्या चाचणी. आत्ता. मी टक्कल करून बसते.”

“एवढ्या लहान मुलाला एकदाच घाबरवायची परवानगी आहे,” कल्याणी म्हणाली. “आणि तो नियम चांगला आहे.”

चाचणी बाद, असा समितीचा निर्णय आठवड्याभरात आला; तोवर तरू वैजयंताकडेच होती. नागपूरचं जोडपं शनिवारी सकाळी सोसायटीत आलं. साधी माणसं होती, बुजलेली. बाईनं वैजयंताचे दोन्ही हात धरले. त्यांच्याकडे नवी बाटली होती. सहा महिन्यांत बंद करायची, कल्याणीनं त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं. तिकडे शेजारी फारसं कुणी ओळखीचं नाही, असं नवरा म्हणाला. कल्याणी हलकेच म्हणाली, “बरंच आहे.”

अण्णा खाली आले नव्हते. त्यांच्या खिडकीचा पडदा हलला तेवढा.

तरू वैजयंताच्या कडेवर होती. आठवडाभर ती रोज डब्याच्या आवाजाला धावत आली होती. वैजयंतानं रोज केस धुतले होते, दिवसातून दोनदा. पण ते आता कुणाला सांगणार? नव्या आईनं गळ्याला थेंब लावला आणि पुढं झाली. तरूनं श्वास आत घेतला. थांबली. तिचं अंग सैल पडलं, आणि तिनं दोन्ही हात त्या बाईकडे पसरले.

“आई,” ती म्हणाली.

गाडीचं दार लागलं. मागच्या काचेतून तरूचं डोकं दिसत होतं, नव्या आईच्या खांद्यावर विसावलेलं. गाडी फाटकाबाहेर पडून वळणापाशी गाय आडवी आली म्हणून थांबली. शिरीनभाभींनी वैजयंताच्या हातातल्या डब्याकडे बघितलं.

“वाजव की गं,” त्या म्हणाल्या. “बाजूची काच उघडी आहे. तिला ऐकू जाईल. कळेल तरी तुला, ती कुणाकडे धावली होती.”

“नको.”

“वळेल ती. मी सांगते, वळेल.”

“वळली तर रडत जाईल, भाभी. नागपूरपर्यंत.”

गाय बाजूला झाली. गाडी सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत वैजयंता फाटकात उभी होती, दोन्ही हातांनी डबा पोटाशी घट्ट धरून, चुकूनही झाकण वाजू नये म्हणून.